साक्षीची बॅग आणि सोडून दिलेला सामना

मित्रांनो, मी बॅडमिंटनच्या रॅकेटी वाहून नेणारी एक जुनी बॅग आहे. माणसांनी कोंबलेलं पुष्कळ काही मी पोटात घेतलं. त्यातलं एक अजून पचलेलं नाही. तेच सांगते.

एका कारखान्यात मी शिवली गेले. बारामतीतल्या एका अकादमीला पैसा पुरवणाऱ्या अविराजरावांनी माझ्या पाठीवर स्वतःचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत छापून घेतलं. जिल्हा स्पर्धेत दुहेरी जिंकणाऱ्या दोन मुलींना आम्ही दोन बॅगा बक्षीस म्हणून मिळालो. मी साक्षीकडे आले, दुसरी मेघनाकडे गेली.

साक्षी निमगाव केतकीची, बुद्धघोष गुरुजींची मुलगी. मेघना माळेगावची, तिचे वडील अविराजरावांचा ट्रॅक्टर चालवत. साक्षी रोज सकाळी मला मांडीवर घेऊन एसटीनं बारामतीला यायची. मेघना पुढे जाळीजवळ खेळे, साक्षी मागचं कोर्ट सांभाळी. चार वर्षांत दोघींना एकमेकींना हाक मारायचीही गरज उरली नव्हती. एकीच्या डब्यातली भाकरी दुसरी खायची. पेपरात दोघींचा फोटो आला, त्यात कोपऱ्यात मीही होते. तेव्हा मी फार मिरवले.

मग बारामतीतच राज्य स्पर्धा भरली. गटातले पहिले दोन सामने जिंकल्यामुळे या दोघींची उपांत्य फेरी पक्की झाली होती. तिसरा सामना अविराजरावांच्या मुलीच्या जोडीशी होता. ती जोडी जिंकली तरच पुढे जाणार होती.

सामन्याआधी साक्षी पाय मोकळे करायला गेली. मी बाकावर होते. प्रशिक्षक नागेश सर केळं सोलत मेघनाशेजारी येऊन बसले. फार गोड आवाजात बोलले. तुमचं तर झालंच आहे, हा एक सामना सोडलात तर काय बिघडतं, मोठ्या शिबिराला मी तुझंच नाव पाठवतोय, आणि तुझे वडील कुणाकडे कामाला आहेत ते काय मी सांगायला हवं, असं सगळं केळं खाता खाता. उठताना म्हणाले, "साक्षीला बोलू नकोस. ती ऐकायची न्हाय."

आणि केळ्याची साल माझ्या कप्प्यात कोंबून गेले. मेघना मान खाली घालून बसून राहिली.

सामना सुरू झाला आणि मेघनाच्या सर्व्हिस जाळीत अडकू लागल्या. साक्षीला वाटलं, हिला बरं नाही. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं, टॉवेलनं तिची मान पुसली आणि दोघींचं कोर्ट एकटी धावू लागली. तिचे गुडघे सोलवटले. पहिला गेम गेला. दुसऱ्यात चौदा-चौदा असताना शटल मेघनाच्या अगदी पुढ्यात पडलं. तिनं रॅकेट उचललीच नाही.

साक्षी तिच्याजवळ गेली. मग हळूच म्हणाली, "मुद्दाम करतीयस?"

"सोड ना," मेघना म्हणाली. "आपण पुढं गेलोयच की."

जेवताना घासात पाल निघावी तसं साक्षीचं तोंड झालं. ती सरळ मुख्य पंचबाईंकडे गेली आणि आमची जोडी मनापासून खेळत नाही, असं तिनं सांगून टाकलं. बाईंनी समजावलं, की याचा अर्थ तुम्ही दोघी स्पर्धेतून बाद. लिहून देशील का? साक्षीनं माझ्यातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्या लिहून दिलं.

या दोघी बाद झाल्या. समोरची जोडी टाळ्यांच्या गजरात पुढे गेली.

कपडे बदलताना मेघना रडत रडत सरांचं बोलणं, शिबिर, वडिलांचं काम, सगळं सांगू लागली. साक्षी रागावली नाही. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस, तर दोघींनी मिळून न्हाय म्हटलं असतं. तू माझं पाणी प्यायलीस आणि हरत राहिलीस."

तिनं घामेजलेले कपडे माझ्यात कोंबले, चेन ओढली आणि घरी आल्यावर मला खाटेखाली ढकललं. आठ महिने मी तिथंच होते. आत कपड्यांवर बुरशी चढली, केळ्याच्या सालीचा काळा लगदा झाला. मला माझ्याच पोटाची शिसारी येई. वर साक्षी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कुठलीच अकादमी तिला घेईना, कारण पोरीचं डोकं फिरलंय असं नागेश सरांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. स्पर्धेच्या आयोजकांनी सरांची चौकशी केली, तीत मेघना गप्प राहिली. सरांना तोंडी समज मिळाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी अकादमीच्या समारंभात खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. ते पेपरात वाचून गुरुजींनी चहा मोरीत ओतला.

शेवटी साक्षीच्या आईला, शालनताईंना, वास सोसवेना. त्यांनी मला अंगणात ओढून चेन उघडली, तशी साक्षी तोंड दाबून मोरीकडे पळाली. परत आली ती बाह्या सारूनच. तो लगदा तिनं स्वतःच्या बोटांनी खरवडून काढला. सोड्याच्या गरम पाण्यानं मला तीनदा घासलं. पिवळं नाव काही जाईना, तेव्हा ब्लेडनं तेवढा तुकडाच कापला आणि शालनताईंनी तिथं जाड कापड शिवलं. गुरुजी दारातून बघत होते. ते म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस. आता खेळायचं का न्हाय, ते तुझं तू ठरव."

साक्षी इंदापूरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊ लागली. तिथं वडगाव निंबाळकरची सुप्रिया भेटली. तिला जोडीदार हवी होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मी हरते लई. पण खरी हरते." इतक्या महिन्यांनी साक्षी हसली.

पहिल्या स्पर्धेत दोघी पहिल्याच फेरीत हरल्या. दुसरीतही. तिसऱ्या वर्षी मात्र राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचल्या, आणि तिथं तीन गेम झुंजून हरल्या. साक्षीनं स्टँडवर पोटभर मिसळ खाल्ली आणि घरी येईपर्यंत सुप्रियाच्या खांद्यावर झोपली. मेघना शिबिराला गेली होती. तिथं तिची कुणाशी जोडी टिकली नाही म्हणतात. ते ऐकून मला काही आनंद झाला नाही.

आता माझ्या चेनी तुटल्या आहेत. साक्षीकडे नवी बॅग आहे आणि मी इंदापूरच्या हॉलमध्ये सरावाची जुनी शटलं सांभाळते. मित्रांनो, तुमच्या बॅगेला अधूनमधून ऊन दाखवा, एवढी माझी विनंती आहे. आणि उद्या कुणी तुमच्याशेजारी बसून गोड आवाजात म्हणालं, की हे जोडीदाराला सांगू नकोस, तर त्याचं बोलणं संपायची वाट बघू नका. उठा, आणि आधी जोडीदाराकडे जा.