ओठांनी दाखवलेला खेकडा

माझ्या बायकोनं, मारिफेनं, बँकेतली नोकरी सोडली तेव्हा माझ्या आईनं आठवडाभर काहीच विचारलं नाही. आठव्या दिवशी विचारलं, की नातीला घरीच शिकवणार म्हणता, तर मग तिचं पदवीदान कुठे, स्वयंपाकघरात का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती. आईच्या दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेल्या माणसांच्या फोटोंनी भरली आहे. त्यातले निम्मे पदवीधर पाच वर्षांचे. फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत बालवाडीतून बाहेर पडायलाही झगा लागतो. मीही तिथे आहे. नाक वाहतंय आणि छातीवर ‘सर्वांत वक्तशीर’ अशी फीत आहे. आई स्वतः चौतीस वर्षं पहिलीला शिकवून निवृत्त झाली. तिच्या वर्गात एकही मूल कधी नापास झालं नाही, हे ती जेवताना अधूनमधून सांगते.

मारिफेची पद्धत वेगळी. आठवड्याला एकच चित्रपुस्तक. सोमवारी वाचायचं, की रविवारपर्यंत घरातल्या कुणाचीही त्यातून सुटका नाही. खेकड्याचं पुस्तक असलं तर बाजारातून खेकडे आणून त्यांचे पाय मोजायचे, मातीचे खेकडे करायचे, घरभर आडवं चालायचं. त्या आठवड्यात मी कॉलेजात शिकवायला दोनदा आडवा वर्गात शिरलो. आमची चार वर्षांची आमिहान, म्हणजे आमी, एकेका पानावर अर्धा अर्धा तास काढायची. विहिरीत वाकून बघावं तशी पुस्तकात वाकायची. मारिफेला तेवढंच हवं होतं. “तिनं बघत राहावं, बस,” ती म्हणायची. नोकरी त्यासाठीच सोडली होती.

आईला मात्र दिसायचा तो खुर्चीला लागलेला गोंद. एका रविवारी जेवताना तिनं जाहीर केलं, की येत्या शनिवारी ती स्वतः परीक्षा घेईल. पोरगी पास झाली तर ती तोंड उघडणार नाही. नापास झाली तर जूनपासून चर्चची बालवाडी.

“मंजूर ना, इंदय?” तिनं सुनेला विचारलं. आमच्याकडे लेकीसुनेला इंदय म्हणतात, मुलाला तोतो, आईला नानाय.

“मंजूर, नानाय,” मारिफे म्हणाली आणि ज्यांचं जेवण व्हायचं होतं त्यांच्याही ताटल्या उचलून घेऊन गेली.

पुढचे सहा दिवस मारिफे कुठेच टेकली नाही. धुतलेले पडदे तिनं पुन्हा धुतले. चमचे उंचीप्रमाणे लावले, मग मोडून पुन्हा लावले. मला सांगायची, की सगळं नेहमीसारखं चाललंय, या आठवड्यात गोगलगाय आहे. प्रत्यक्षात सकाळी दार लोटून ती आमीकडून चित्रांचा तक्ता घोकून घेत होती. मला ते नंतर कळलं; आणि तिला हे माहीत नव्हतं, की दुपारी हापशाच्या मागे मीही आमीला रंग आणि प्राणी विचारत होतो. बरोबर उत्तराला एक बिस्कोचो, साखर लावलेला टोस्ट. दोघांनाही वाटत होतं, समोरच्याची तत्त्वं अजून शाबूत आहेत, उगाच त्याचं मन कशाला दुखवा. आमी मात्र भराभरा उत्तरं द्यायला लागली आणि दोघंही आपापल्या जागी खूश होतो.

शनिवारी आई रविवारची कर्णफुलं घालून आली. आमीनं तिचा हात कपाळाला लावला. आईनं आशीर्वाद दिला, चष्मा चढवला आणि खेकड्याचंच पुस्तक उघडलं.

“खेकडा कुठला गं, बाळा?”

आणि तिचे ओठ पुढे निघून खेकड्याकडे वळले.

आमच्याकडे बोट दाखवणं उद्धटपणाचं. किल्ली कुठे आहे, पाहुणा कुठल्या घरात शिरला, चोर कुठल्या गल्लीत पळाला, हे सगळं आम्ही ओठांनी सांगतो, आणि सांगितलं हे आपल्यालाच कळत नाही. आईलाही कळलं नाही. तिच्या वर्गात चौतीस वर्षं कुणी नापास का झालं नाही, ते मला त्या क्षणी कळलं.

आमीनं खेकड्यावर हात टेकवला. मग होडीवर, मग पाणरेड्यावर. एकही चूक नाही. पण पुस्तकाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तिची नजर लोलाच्या, म्हणजे आजीच्या, तोंडावर होती.

मी मारिफेकडे पाहिलं. मारिफेचे ओठ पाणरेड्याकडे वळलेले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझेही.

“तोतो, पोर हुशार आहे,” आई मला म्हणाली. “तुझ्यावर गेलेली नाही.” दिल्या शब्दाला जागून तिनं जेवणाची वेळ होईपर्यंत तोंड उघडलं नाही.

स्वयंपाकघरात मारिफे नळ सोडून उभी होती.

“तू शिकवलंस तिला?” तिनं विचारलं.

“थोडंसं. तू?”

“थोडंसं.” तिनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. “ती कुठे बघत होती, पाहिलंस ना? जिंकले मी. आता तिला घरीच ठेवायचं, आणि हे असं.”

सोमवारी मुंग्यांचं नवं पुस्तक निघालं. आमी हाताची घडी घालून बसली आणि मारिफेच्या तोंडाकडे बघू लागली. मारिफे काहीच विचारत नव्हती, नुसती वाचत होती. तरी पोरगी ओठ कधी पुढे येतात याची वाट बघत होती. मारिफेनं तोंडावर पंचा बांधला. आमी भुवयांकडे बघू लागली, कारण भुवई वर गेली की आमच्यात ‘हो’. शेवटी मारिफेनं पुस्तक आमीच्या मांडीवर ठेवलं, तिच्याकडे पाठ केली आणि मलाही ओढून भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“मम्मी, तू काय विचारणारेस?” मागून आवाज आला.

“काहीच नाही.”

“मग मी काय सांगू?”

मारिफे नखानं चटईची काडी उकरत होती. माझी मान आपोआप वळायला लागली, तशी तिनं माझं मनगट आवळलं. शेजारच्या कोंबड्या ओरडल्या, थांबल्या. बराच वेळ गेला. मग पान उलटल्याचा आवाज आला.

दुसरं पान काही उलटेना. पोरगी त्या पानावर थांबली होती की आमच्या पाठींकडे बघत होती, ते कळायला मार्ग नव्हता. मारिफेनं मनगट सोडलं नाही आणि मी वळलो नाही.