बाहेर उघडणारी दारं

मी एक जुनी शाळा आहे, मित्रांनो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट, गव्हाच्या मुलखात उभी आहे, लाल विटांची. आज मी रागाने बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

१९१२ साली मर्डो किनेअर्ड या वास्तुविशारदाने माझा आराखडा काढला. रेल्वे येईल तिथे गावं वसत होती. त्याने बँका, न्यायालयं, चर्चं बांधली. पण त्याचा जीव शाळांत होता. प्रत्येक शाळेला दोन जिने आणि बाहेर उघडणारी दारं, हा त्याचा हट्ट.

शाळा समितीचे अध्यक्ष ऑर्विल टटल हसले. "एका जिन्यानेही पोरं खाली येतात की. दुसरा काय पाहुण्यांसाठी?"

"नको असेल तर आराखडा परत द्या," किनेअर्ड म्हणाला. शेवटी दोन्ही जिने बांधले गेले.

अशा फटकळ तोंडामुळे त्याची कामं आटली. पहिल्या महायुद्धानंतर तर धान्याच्या कोठारांचे नकाशे काढून तो पोट भरू लागला.

इकडे मुलं मागच्या दाराने पळतात म्हणून टटलनी त्या दाराला साखळी घालून कुलूप ठोकलं. इसोबेल थॉर्बर्न बाईंनी हरकत घेतली.

"बाई, तुम्ही पाढे शिकवा," टटल म्हणाले.

त्याच हिवाळ्यात तळघरातली, वर्ग गरम ठेवणारी कोळशाची भट्टी भडकली. पुढचा जिना धुराने भरला. बाई मुलांना घेऊन दुसऱ्या जिन्याने मागच्या दाराशी आल्या. दार माझंच, आणि मला ते उघडता येईना. बाईंनी कोळशाच्या फावड्याने कडी उखडून काढली. मुलं बर्फात बाहेर पडली, सगळी. बाईंचे तळहात मात्र सोलून निघाले.

मी दुरुस्त झाले तेव्हा गावाने समारंभ केला. पितळी पाटी लागली: अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे मुलं वाचली. विटका कोट घातलेला किनेअर्ड न बोलावता आला होता.

"मागच्या दाराला कुलूप कुणी घातलं होतं?" त्याने विचारलं.

"आजच्या दिवशी कशाला ते?" टटल म्हणाले.

"मग कधी? पुढच्या आगीनंतर?"

थॉर्बर्न बाई उठल्या. हातांना अजून पट्ट्या होत्या. "टटलसाहेबांनी. मी नको म्हणत होते."

उन्हाळ्यात बाईंची नोकरी गेली. किनेअर्डला पुन्हा एकही शाळा मिळाली नाही. पाटी अजून तशीच आहे, आणि सहलीला आलेले तुम्ही तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढता.

मित्रांनो, माझी डागडुजी करा, न करा. पण कुणी खरं बोलायला उठलं, तर त्याच्याबरोबर उठा. समारंभाच्या दिवशी, बाई उठल्या तेव्हा, आगीतून वाचलेल्या मुलांचे आईबाप माझ्याच बाकांवर होते. ते बसूनच राहिले.