पोटाखालची पट्टी

ज्या साहेबांनी ती पट्टी माझ्या पोटाखाली शिवायला लावली, त्यांच्यावर मी उघड आरोप करतो. साहेब, तुम्ही सांगायची गोष्ट मुद्दाम लपवलीत आणि शिक्षा भलत्याच बाईला झाली. तुम्ही कुठे बसता मला ठाऊक नाही. पण जिथे बसता, तिथे ऐका.

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. तीन माणसांचा, तपकिरी, डावा हात जरा चपटा झालेला. लोक मला 'नकली स्वेड' म्हणतात. जनावराच्या कातड्याची आतली बाजू घासून मऊ केली की खरं स्वेड होतं. माझ्या अंगावर कातडं नाही. पॉलिएस्टरचं कापड आहे, त्यावर बारीक लव उठवलेली. म्हणून मी खोटा? अकरा वर्षं या घराची वजनं पेलली, ती काय नकली पाठीने? माझ्यासाठी कुठलं जनावर मेलं नाही. मला कसली लाज!

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या कारखान्यात झाला. सुताराने सांगाडा ठोकला, कुणी फोम भरला, आणि कापड शिवलं एका चष्मेवाल्या शिलाईबाईने. शेवटी तिच्या हातात एक पांढरी पट्टी आली. तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं होती आणि एक चित्र होतं: पाण्याची बादली, तिच्यावर फुली.

"साहेब, ही बसायच्या गादीखाली लावते. गादी उचलली की पुसणारीला दिसेल."

"तिथे नको. खाली लाव, एकदम पोटाला."

"तिथे कोण बघायला जाणार?"

"नाही बघितलं तर बरंच. पाणी चालत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबेल का?"

बाईने मला उलटं केलं आणि पट्टी पोटाला लावली. पट्टीला मात्र तिने दुहेरी टीप मारली.

दुकानातल्या विक्रेत्याच्या जिभेला हाड नव्हतं. "निर्धास्त राहा, ताई! ओलं फडकं मारलं की झालं." हे एवढं खोटं बरोबर घेऊन मी या घरी आलो.

घरात आई, बाबा आणि मी आल्यावर वर्षभरात जन्मलेली त्यांची मुलगी चिमणी. आलेगेले माझ्यावर तळवा फिरवायचे आणि "काय मऊ आहे हो!" म्हणायचे. चिमणीने तर माझी पाटीच केली. माझ्या लवेवर बोट फिरवलं की गडद रेघ उमटते. ती अक्षरं काढायची, मावशी ब्रशने पुसायची, ती पुन्हा काढायची.

मावशी म्हणजे रोज सकाळी झाडलोट करायला येणारी बाई. आधी बरीच वर्षं ती एका दवाखान्यात सफाईला होती. आई तिला ओल्या फडक्याचं सांगायची, पण ती कोरडा ब्रशच फिरवायची. "ताई, हा मांजरासारखा आहे. सुलट हात फिरवला तर लाडात येतो. पाण्याने बिथरेल."

मग मी जुना झालो. माझ्यावर चादर पडली, इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग पडले. "काढून टाकू या आता," असं माझ्यावरच बसून बोलू लागले.

परवा रविवारी बाबा सामना बघत होते. कुणीतरी बाद झाला, बाबा उसळले आणि कॉफीचा अख्खा कप माझ्या अंगावर आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी टॉवेल भिजवला, खसाखसा घासला, आणखी पाणी ओतलं. मग डागावर उशी ठेवून ते पुन्हा सामना बघू लागले.

आज सकाळी आईने उशी उचलली. ताटाएवढा डाग, कडेला काळी रेघ, लव चिकटून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली.

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मावशींनी पाणी मारलं असेल."

मित्रांनो, मी तिथेच होतो. मला तोंड असतं तर!

"मावशी, अहो, सांगायचं तरी होतं," आई म्हणाली. "लपवलंत कशाला? हे असं असेल तर उद्यापासून येऊ नका."

मावशीचा चेहरा उतरला, पण मान खाली गेली नाही. "मी पाणी लावलेलं नाही, ताई. तरी दुपारपर्यंत थांबा. जायचंच असेल तर डाग माझ्या नावावर ठेवून जाणार नाही."

काहीही लावायचं तर आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघावं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने चिमणीला हाताशी घेतलं आणि मला पुढे कलतं केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटाला उजेड लागला.

"मावशी, इथे काहीतरी लिहिलंय! फार बारीक आहे."

"अक्षरं तू वाच बाई. बादलीवर फुली मारलीय, एवढं मलाही वाचता येतं."

चिमणीने वाचलं, "पाणी लावू नये. स्पिरिटने पुसावे."

"आणि हा शहाणा अकरा वर्षं पोटात ठेवून बसला!" मावशीने मला एक चापट मारली. दवाखान्यात तिची बरीच वर्षं गेलेली. स्पिरिट तिला शिकवायला नको होतं. तिने औषधांच्या डब्यातली स्पिरिटची बाटली काढली, खिडक्या उघडल्या, गॅस बंद असल्याचं पाहिलं, चिमणीला लांब बसवलं. फडकं पांढरंच घेतलं, कारण रंगीत फडक्याचा रंग मला लागला असता. आधी मागच्या कोपऱ्यात एक थेंब लावला. मग डागाच्या कडेकडून मध्याकडे, न घासता, नुसतं टिपत गेली. फडकं तपकिरी झालं की घडी बदलायची. वाळल्यावर मी जरा कडक होतो, तर तिने मऊ ब्रश गोल गोल फिरवला. एकेक लव उठून उभी राहिली. अंगावरचा पुठ्ठा गेला.

आईने हात फिरवून पाहिला. "कमाल केलीत, मावशी! जाऊ दे, झालं गेलं विसरा. उद्या या नेहमीसारख्या."

मावशीने पिशवी खांद्याला अडकवली. "येईन की. पण आधी एवढं म्हणा, तो डाग माझा नव्हता."

"अहो, आता डागच राहिला नाही. कशाला उकरून काढायचं?"

"याच्या अंगावरचा गेला, ताई. माझ्यावरचा आहे अजून."

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तेच पान मघाशीही उलटलं होतं.

मित्रांनो, घरी जाल तेव्हा तुमचा सोफा उलटा करून त्याची पट्टी वाचा. आणि एखाद्यावर बोट रोखण्याआधी उशी उचलून बघा.

साहेब, तुम्ही पट्टी लपवलीत. बाबांनी डाग लपवला. तुम्ही दोघांनी दुसऱ्याच्या नावावर खपवलंत. मावशी दारात उभी आहे. चिमणीने माझ्या चपट्या हातावर बोटाने एकच शब्द लिहिलाय: 'बाबा?' ब्रश मावशीच्या हाताशीच आहे, पण या वेळी तिने तो शब्द पुसलेला नाही.

बोला. कोण आधी बोलतंय?