कंबोडियाच्या देवीचे हात

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अमरेश शेटेला लोकांनी 'सूतवाले' म्हणू नये, एवढीच त्याची माफक इच्छा होती. अडचण अशी, की तो सूतवालाच होता. इचलकरंजीच्या मागवाल्यांना सूत पुरवायचा धंदा वडिलांपासूनचा. पण व्यापाऱ्यांच्या सहलीबरोबर एकदा बँकॉकला जाऊन आला आणि तो संग्राहक झाला. बाकीचे अत्तरं घेऊन परतले. हा एक हिरवट वाडगा पोटाशी धरून परतला. मग ब्रह्मदेशी लाखेचे डबे आले, जावाची पितळी घंटा आली, निळ्या नक्षीच्या व्हिएतनामी बशा आल्या. त्याची बायको दानेश्वरी पाहुण्यांना कपाट दाखवून सांगायची, "ज्यात भाजी वाढायची न्हाई असली भांडी हितं असत्यात."

२००३ साली गणपती उठले आणि देवी आली. पुण्यात रंगून-मलायाहून परतलेल्या कुटुंबांचं सामान विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडची ही दगडी देवी, कंबोडियाची, हजार वर्षांपूर्वीची. दोन्ही हात खांद्याखाली गायब. "हात नाहीत म्हणून तर अस्सल," असं दुकानदार म्हणाला. अमरेशनं ते वाक्य पाठ केलं आणि घरी येऊन आईला ऐकवलं.

आई, म्हणजे रत्नव्वा, सीमाभागातल्या नेसरीकडची. तिनं देवीभोवती एक फेरी मारली.

"आरं, भंगलेली मूर्ती घरात? नदीत सोडून ये जा."

"अव्वा, ही पूजेची नाही. कला आहे. आणि आपण लिंगायत, आपल्याला मूर्तीचं काय?"

"तुझ्या गळ्यातल्या लिंगाचा टवका उडला तर घालशील व्हय?"

अमरेशनं गळ्यातलं लिंग सदऱ्याआड सारलं. तो एवढंच म्हणाला, की रविवारी पुण्यातल्या जुन्या मूर्तींच्या प्रदर्शनाचे तज्ज्ञ येणार आहेत. त्यांनी पसंत केली तर देवी प्रदर्शनात जाईल आणि खाली कार्ड लागेल: 'अमरेश शेटे यांच्या संग्रहातून.' ही ओळ त्यानं इतक्या हळू आवाजात उच्चारली, की दानेश्वरीला लग्नातले उखाणे आठवले.

"मग भंगलेली नसली म्हंजे झालं," रत्नव्वा म्हणाली. तिच्या बाजूनं विषय मिटला होता. अमरेशला वाटलं, त्याच्याही बाजूनं मिटला.

शनिवारी तो मागवाल्यांकडची उधारी वसूल करायला इचलकरंजीला गेला. इकडं रत्नव्वानं कृष्णात कुंभाराला बोलावणं धाडलं. त्याचे गणपती नुकतेच उठलेले, हात रिकामा होता.

"अव्वा, हात किती लावू?"

"दोनच लाव. चार लावलास तर हत्यारं कुठनं आणू मी?"

कृष्णातनं आधी देवी काथ्यानं घासायला सांगितली, मळावर प्लास्टर धरत नाही म्हणून. मग तारा बांधून हात बसवले. हात साच्यातले, आणि साचे गणपतीचे. त्यामुळं शेलाट्या बांध्याच्या त्या देवीला एकदम गुबगुबीत दंड आले. एक हात आशीर्वादाचा, दुसऱ्यात मोदक.

संध्याकाळी अमरेश दारात आला आणि बूट न काढताच खाली बसला.

"अव्वा, हे काय केलंस!"

"का? बरी दिसतीया की. जरा अंगानं भरलीया."

"निघतील का गं हे?"

"आता काढलंस तर तुझ्या हातानं भंगंल. बघ बाबा."

अमरेशनं हात पुढं केला आणि मागं घेतला. हजार वर्षांपूर्वी कुणी तोडली ती गोष्ट वेगळी; स्वतः तोडायची म्हणजे त्याला जमेना.

रविवारी तज्ज्ञ आले. जाड चष्मा, सावकाश बोलणं. देवीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ मोदकाकडं बघत राहिले.

"हात आईनं..." अमरेश म्हणाला.

"ते लक्षात आलं." त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "ही धुतली कुणी?"

"मीच की," रत्नव्वा पुढं झाली. "काय मळ म्हणायचा, पावणं! निसतं चहासारखं पाणी गळत हुतं."

"चहाच असेल," तज्ज्ञ म्हणाले.

मग त्यांनी हळुवारपणे सांगितलं. काम नवं आहे, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. आधी हातांसकट पुरी मूर्ती केली, मग हात उडवले, वर चहा आणि धूर दिला. बाजारात असं करतात. "हात असते तर तुम्ही घेतली असती का?"

अमरेशनं खोटं बोलायचा विचार केला. "नसती," तो म्हणाला.

"म्हंजे धडधाकट बाईचं हात तोडलं व्हय मुडद्यानं!" रत्नव्वा कडाडली. "बघा! मी कवाधरनं सांगतोया, हिला हात पायजेत!"

तज्ज्ञांना हे अमान्य करता येईना. ते भरलं वांगं आणि भाकरी खाऊन गेले. हिरव्या वाडग्याबद्दल अमरेशनं विचारलंच नाही. काही प्रश्न संग्राहकानं जपून ठेवायचे असतात.

"अव्वा, नकली आहे. काढून टाकू," तो नंतर म्हणाला.

"आता का? आता अख्खी हाय. घरची देवी कुठं जात न्हाई."

आठवड्यात बातमी गल्लीभर झाली, आणि नवरात्र मंडळाचा केरबा दारात उभा राहिला. "अमरेशशेठ, तुमची कंबोडियाची देवी नऊ दिवस मांडवात द्या की. मोदकवाली देवी अख्ख्या कोल्हापुरात न्हाई."

नऊ दिवसांनी परत आणायच्या बोलीवर रत्नव्वानं हो म्हणून टाकलं. फलक रंगवणारा बिचारा अमरेशला विचारायला आला, "शेठ, 'अतिप्राचीन' लिहू न्हवं?"

कार्ड अमरेशचं होतं, मांडव गल्लीचा होता, आणि विचारायला पुण्याहून कुणी येणार नव्हतं.

"नको," तो शेवटी म्हणाला, आणि त्यानं मजकूर प्रदर्शनातल्यासारखा नीट सांगितला.

घटस्थापनेला फलक लागला: 'देवी. दगड आणि प्लास्टर. काळ: चालू. हात: कृष्णात कुंभार. अमरेश शेटे यांच्या संग्रहातून.'

ओट्या भरायला आलेल्या बायका तो मोठ्यानं वाचत होत्या. अमरेश जवळ गेला, चष्मा लावून त्यानं शेवटची ओळ पुन्हा वाचली. रंगवणाऱ्यानं जागा उरली म्हणून नावापुढं आपल्या मनानं कंस टाकला होता: (सूतवाले).