विहीणबाईंची खुर्ची

विनोदिनीबाई पांढरीपांडे यांना विनोदी चित्रपट पाहताना हसलेले फारसे कोणी पाहिले नव्हते. त्या चित्रपट पाहत नसत, तपासत. रविवारची जेवणे आटोपली की रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरातली बाकीची मंडळी जागच्या जागी आडवी होत, आणि बाई मात्र आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसून, उत्तरपत्रिका पुढे घेतल्यासारख्या मुद्रेने पडद्याकडे पाहत. त्यातही माणसांच्या अदलाबदलीच्या गोष्टी त्यांच्या विशेष आवडीच्या. नोकर मालक होऊन बसतो, मालक गाडी चालवतो, फाटका मामा श्रीमंत सासरा म्हणून पाहुण्यांपुढे येतो. जुळ्या भावांच्या गोष्टींना मात्र त्यांच्या लेखी किंमत नव्हती. चेहरा एकच असला तर फसवायला अक्कल ती काय लागते, असे त्यांचे म्हणणे. खरी करामत दोन वेगळ्या चेहऱ्यांची, आणि ती साधते याचे कारण एकच: पाहुणा माणूस पाहत नाही, माणूस बसला कुठे आहे ते पाहतो. गुपित मात्र प्रेक्षकाला आधी सांगितलेले असावे, हा त्यांचा आग्रह. अंधारात ठेवलेला प्रेक्षक हसत नाही, नुसता दचकतो.

या विद्येचा घरात कधी उपयोग होईल असे कोणाला वाटले नव्हते. तो झाला मंजिरीच्या लग्नापायी.

मंजिरी ही बाईंची नात, मुलगा शेखर आणि सून क्षमा यांची एकुलती एक लेक. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तयार मालाची तपासणी तिच्याकडे होती. पाळ्या बदलत, कधी भल्या पहाटे निघावे लागे, कधी संध्याकाळी ट्रकांच्या धुळीतून परतावे लागे, आणि तरीही ती घरात शिरताना गुणगुणत शिरे. मागच्या वर्षी दुर्गच्या एका घराने तिला पसंत केले होते. बाईंसमोर बसून त्या मंडळींनी नोकरीला आपली काडीचीही हरकत नसल्याचे सांगितले, कोथिंबिरीचे सारण भरलेली सांबारवडी मागून घेऊन खाल्ली, आणि साक्षगंधाची तारीख ठरल्यावर निरोप धाडला की मुलीने कारखाना सोडून एखाद्या शाळेत पाहावे. बाईंनी ते लग्न स्वतः फोनवर मोडले. मंजिरी रडली नाही. परंतु त्यानंतर पुष्कळ दिवस ती घरात शिरताना गुणगुणली नाही, आणि ते बाईंच्या लक्षात राहिले.

आता स्वानंद मोहरीलचे स्थळ होते. नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरीला असलेला हा मुलगा मंजिरीने स्वतः पसंत केला होता. वडिलांची बँकेच्या नोकरीत गोंदियाहून बदली झालेली, बिऱ्हाड तेलीबांध्याला. मुलाबद्दल प्रश्न नव्हता. प्रश्न त्याच्या आईचा होता. वडील दौऱ्यावर असल्याने रविवारी रूपालीताई मुलाला घेऊन येणार होत्या, आणि त्या काय बोलतील हे बाईंना आधीच ठाऊक होते. या दिवाणखान्यात, या खुर्चीसमोर, आजवर कोणी खरे बोललेच नव्हते.

क्षमेची आई अपर्णाबाई त्या दिवसांत वर्ध्याहून लेकीकडे राहायला आलेल्या होत्या. विहीण म्हणून त्यांचा मान राखला जाई, वाढताना आग्रह होई, परंतु त्यांना कोणी काही विचारीत नसे. मुलीच्या आईला कोण विचारतो? शनिवारी दुपारी विनोदिनीबाईंनी त्यांना समोर बसवले.

"उद्या माह्या खुर्चीवर तुम्ही बसायचं, विहीणबाई. मी तुमच्या जागी."

अपर्णाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "अन् त्यांनी काही विचारलं तं?"

"मी काय करते? नुसती पाहते. समोरचा आपोआप बोलत जातो."

मंजिरीला हे कळले तेव्हा ती कपाळाला हात लावून दारात उभी राहिली. "आजी, ये फिल्म नहीं है. शादी मेरी है."

"म्हणूनच करून राहिली मी. दुसऱ्या कोणाची असती तं दुपारी झोपले असते."

पुष्कळ वाद झाला. अखेर मंजिरीने एक अट घातली: पाहुणे उठण्याच्या आत खरे सांगायचे, आणि तेही आजीनेच. बाईंनी अट तात्काळ मान्य केली. पाहुण्यांबरोबर घराबाहेर पडलेले सोंग विनोदाचे राहत नाही, ते वकिलाकडे जाते, हे त्यांनाही पटत होते. ओळख पटण्याची भीती नव्हती. मोहरील मंडळी शहरात नवी होती, आणि मोबाइलवर कोणालाही आपला फोटो काढू द्यायचा नाही हा बाईंचा नियम इतका कडक होता की मंजिरीकडेही तो नव्हता.

रविवारी अपर्णाबाई विनोदिनीबाईंची कोशाची रेशमी साडी नेसून उंच खुर्चीत बसल्या. पहिली काही मिनिटे त्या खुर्चीच्या कडेवर होत्या. मग हळूहळू पाठ टेकली. शेखर रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होता, माणसांना शिस्त लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, परंतु सासूला "आई" म्हणून हाक मारायची वेळ आली की तो पंख्याकडे पाहू लागे. प्रत्येक अदलाबदलीच्या गोष्टीत असा एक जण असतोच, ज्याच्या पोटात गुपित मावत नाही. बाईंनी त्याला अधूनमधून बाहेर काहीतरी आणायला पाठवायचे असे क्षमेला बजावून ठेवले होते.

रूपालीताई पन्नाशीच्या, सडपातळ, बोलण्याआधी क्षणभर थांबणाऱ्या. स्वानंद आईच्या बाजूला गुडघे जुळवून बसला होता. प्रवासाचे झाले, पाण्याचे झाले, गोंदियाच्या आणि रायपूरच्या उन्हाची तुलना झाली. अपर्णाबाई मान डोलावीत होत्या आणि ते त्यांना छान जमत होते.

मग विनोदिनीबाई सांबारवडीचे ताट घेऊन बाहेर आल्या.

अपर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. विचार करून नव्हे; वरमाय समोर आली की उठायचे, ही लेकीच्या लग्नापासून त्यांच्या अंगात मुरलेली सवय होती, आणि खुर्ची बदलली तरी गुडघ्यांना ते कोणी सांगितले नव्हते. "तुम्ही काहून आणल्या," असे म्हणत त्यांनी ताटाला हातही लावला. शेखरने पंख्याकडे पाहिले. क्षमेने ताबडतोब त्याला बर्फ आणायला पाठवले, जरी घरात बर्फ होता.

रूपालीताईंचा हात ताटाजवळ येऊन थांबला. त्यांनी उंच खुर्चीकडे पाहिले, ताट धरलेल्या बाईकडे पाहिले, आणि एक वडी उचलली. घरातली थोरली बाई सुनेच्या आईसाठी उठून उभी राहते, असे घर त्यांनी तरी पाहिले नव्हते.  थोड्या वेळाने, काकूंना आत मदत करते, असे म्हणून त्या विनोदिनीबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

बाईंनी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. खालच्या जागी बसलेल्या माणसाजवळ लोक मोकळे होतात, हे त्यांनी किती तरी पडद्यांवर पाहिले होते.

"काकू, तुम्ही मुलीच्या आजोळच्या," रूपालीताई म्हणाल्या. "तुमच्याजवळ बोलता येते. तुमच्या विहीणबाईंसमोर बोलायले भेव वाटते मले. रायपुरात आल्यापासून ज्याच्या घरी गेले त्यानं त्यांचंच नाव काढलं."

"कडकच आहे ती," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट मुळीच वाटले नाही.

"त्या नोकरीचं विचारतील. माही हरकत नाही, असं मी म्हणणार नाही. हरकत आहे. पोरगी पहाटे उरल्याले जाईल अन् त्या ट्रकांमधून वापस येईपर्यंत माहा जीव टांगलेला राहील. पण सोड म्हणून कधी म्हणणार नाही. ते तिचं आहे."

बाईंनी चांगले कप काढण्यासाठी कपाटाकडे वळून कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, कुलूप उघडले आणि जुडगा पुन्हा खोचला. वळून पाहतात तो रूपालीताईंची नजर त्या जुडग्यावर होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडे हसू होते. लेकीच्या सासरच्या कपाटाच्या किल्ल्या कोणत्या आईच्या कमरेला असतात?

विनोदिनीबाईंना कळले की हिला कळले आहे. आणि हिला कळले आहे हे आपल्याला कळले, हेही हिला कळले आहे. खेळ इथेच थांबवता आला असता. परंतु समोरची बाई थांबली नव्हती, आणि बाईंनाही थांबावेसे वाटले नाही. दोघी मानी होत्या; आपापल्या खुर्चीवरून एकमेकींना जे कधीच म्हणता आले नसते, ते या उसन्या जागेवरून म्हणता येत होते. पडदा फाटलेला दोघींनाही दिसत होता. दोघींनी त्याची टोके नीट धरून ठेवली.

"सांगेन मी तिले," बाई म्हणाल्या. "आणखी काही?"

"पहाटेचा डबा मी करणार नाही. माहे गुडघे अन् माही झोप, दोन्ही माह्याच आहेत. स्वानंद करेल. हात आहेत त्याले."

"येते?"

"शिकेल. अन् एक सांगा त्यांना. रोज फोन करून पोरीनं डबा नेला का, सासूनं काय म्हटलं, हे विचारायचं नाही. घर माहं आहे. तिथं मी अन् मंजिरी भांडू, अन् आमचं आम्ही मिटवू."

हे मात्र लागले. बाईंना कोणी काही करू नका म्हणून सांगितल्याला फार काळ लोटला होता. ज्यांनी सांगितले असते ते आता भिंतीवरच्या तसबिरीत होते. त्यांनी कप पुसायला घेतले. दुर्गच्या मंडळींनी गोड गोड होकार दिला होता, आणि ही बाई तोंडावर नकार देत होती: डब्याला नकार, फोनला नकार, हरकत नाही म्हणायलाही नकार. तिच्या प्रत्येक नकाराआड मंजिरीची नोकरी मात्र सुरक्षित होती. बाईंनी कप खाली ठेवला.

"रोजचा सोडून देईल ती. पण अजिबात नाही, हे तिच्यानं होणार नाही. रविवारचा एक फोन द्या."

"रविवारचा चालेल. डब्याचं विचारायचं नाही."

"पोरीचं विचारू द्या."

"पोरीचं विचारू द्या," रूपालीताई म्हणाल्या. मग थोडे थांबून, "माहंही विचारलं तं वाईट नाही वाटणार."

दोघी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा अपर्णाबाई खुर्चीत अगदी रुळल्या होत्या. त्यांनी शेखरला पंखा कमी करायला सांगितला होता आणि त्याने तो केला होता. स्वानंदला गाता येते का हेही विचारून झाले होते. मंजिरी कोपऱ्यातून आजीकडे पाहत होती. पाहुणे उठण्याची वेळ जवळ येत चालली होती.

विनोदिनीबाई चहाचे ताट ठेवून उभ्याच राहिल्या. चित्रपटांचा शेवटचा भाग त्यांना कधीच पसंत पडला नव्हता. गुपित फुटते, सगळे एकमेकांच्या पाया पडतात, आणि दुसऱ्याच्या कपड्यांत असताना दिलेले शब्द त्या कपड्यांबरोबरच उतरवले जातात. त्यांनाही ते करता आले असते. आत बोलली ती मुलीच्या आईची आई. विनोदिनीबाईंनी कोणाला काही कबूल केलेले नव्हते. रोजचा फोन त्यांचाच राहिला असता, आणि या घरातून त्यांना एक शब्द कोणी विचारला नसता.

"रूपालीताई," त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बसल्या आहेत त्या अपर्णाबाई, मंजिरीच्या आईच्या आई. विनोदिनी ती मी. माह्यासमोर कोणी खरं बोलत नाही, म्हणून जागा बदलली."

शेखरने इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. स्वानंदच्या तोंडातली वडी तोंडातच राहिली. रूपालीताई उठल्या आणि आत्ताच उंबरा ओलांडून आल्याप्रमाणे त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नमस्कार. तुमच्या विहीणबाईंजवळ एक निरोप दिला होता मी. पोचला का तुम्हाले?"

"पोचला."

"अन् त्यांनी जे कबूल केलं ते?"

आजी उत्तर देण्याआधी थांबली आहे, हे दृश्य मंजिरीने पूर्वी पाहिले नव्हते. निरोप काय होता हे तिला माहीत नव्हते. आपले लग्न त्यात आहे एवढे कळत होते.

"ते मले कबूल आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पोरगी उरल्याले जात राहील. फोन रविवारी येईल. अन् डब्याचं मी विचारणार नाही."

"कौन सा डब्बा?" मंजिरीने विचारले. रूपालीताईंनी तिला जवळ बसवून सगळे सांगितले, हरकत आहे इथपासून. ऐकताना मंजिरीचा चेहरा आधी कसनुसा झाला, मग तिला हसू आले, आणि ते तिने आवरले नाही. साक्षगंध कोणाकडे करायचे असा प्रश्न निघाला तेव्हा विनोदिनीबाईंनी सांगितले की ते खुर्चीवरून सांगितले जाईल. अपर्णाबाईंनी एक क्षणही न दवडता, "इथंच," असे सांगितले, आणि तेच ठरले.

मग बाई स्वानंदकडे वळल्या. कणीक भिजवता येते का, असे त्यांनी विचारले.

"यूट्यूब से सीख लूँगा, आजी."

"यूट्यूबवाल्याचा हात भाजत नाही. चल आत."

रूपालीताईंनी भुवया वर केल्या. हे आपल्या ठरावात बसत नाही, असे त्यांनी हसून सांगितले.

"फोनवर नाही बोलून राहिली मी," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

स्वानंदने आईकडे पाहिले. आईने दुसरी सांबारवडी घेतली होती आणि ती अपर्णाबाईंना तिचे सारण विचारत होती. त्याने बाह्या वर केल्या आणि तो आत गेला.