जनरल माझ्या पाठीवर होता

मी एक जुना घोडा आहे, ओतीव ब्राँझचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका गावात, कोर्टासमोरच्या चौकात, शंभराहून अधिक वर्षे मी जनरल लेमुएल थॉर्नबीला पाठीवर वाहिले. मित्रांनो, खरे सांगतो, तो माणूस मला कधीच आवडला नाही.

यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवायला लढला आणि हरला. हरला तरी त्याचा पुतळा झाला! गावातल्या मोठ्या घरच्या बायकांनी केक विकून वर्गणी जमवली. कारागिरांनी माझ्या मानेच्या शिरा इतक्या जिवंत घडवल्या होत्या, पण कौतुक सगळे वरच्याचेच. दर एप्रिलला स्मृतिदिनी त्याला फुले आणि भाषणे, मला कबुतरे.

आमच्याकडे अशा पुतळ्यांचे तोंड उत्तरेला ठेवतात. युद्धातला शत्रू उत्तरेचा, त्याला पाठ दिसता कामा नये ना! त्यामुळे माझे ढुंगण दक्षिणेला, थेट काळ्या लोकांच्या चर्चच्या दाराकडे आले. त्या चर्चमध्ये ओडेसा पेटवे नावाची म्हातारी येई. तिच्या पणजीला या जनरलने विकले आणि त्या पैशांत घोडा घेतला. मी त्याच घोड्याचा पुतळा. डोळे मिटण्याआधी जनरलला खाली उतरलेला पाहायचा, एवढाच तिचा ध्यास होता.

एकदा ती गावसभेत उभी राहिली. "प्रार्थना करून बाहेर पडावं, तर समोर घोड्याचं ढुंगण. काढा तो पुतळा."

पुतळा समितीच्या अध्यक्षा कॅरोलाइन टटल लगेच म्हणाल्या, "अगं ओडेसा, एवढंच ना? आधी नाही का सांगायचंस! फिरवून देते की."

आणि खरोखरच क्रेन आणून आम्हाला फिरवले. आता जनरलची उपसलेली तलवार नेमकी चर्चच्या दारावर रोखली गेली. टटलबाई हसतमुखाने बघायला आल्या. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"बाईसाहेब," ओडेसा म्हणाली, "इतकी वर्षं दिसत होती ना, तीच त्याची चांगली बाजू होती हो."

त्या रविवारी ती चर्चमध्ये गेलीच नाही. दारात खुर्ची टाकून तलवारीसमोर बसली. पुढच्या रविवारी अर्धे चर्च तिच्या शेजारी बसले, नंतर सगळेच. भजने रस्त्यावर, जेवणही रस्त्यावर. अखेर नगरमंडळाला लाज वाटली आणि जनरलला हलवायचा ठराव झाला.

पण मेला सुखासुखी सुटेना! बोल्ट गंजून माझ्या पाठीत रुतले होते. शेवटी करवतीने कापून त्याला उचलले, तेव्हा मला इतके हलके वाटले की काय सांगू. ओडेसा खाली उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मुकादमाने तिला विचारले, "आजी, आता घोडाही नेतो. तुमच्या पणजीच्या किमतीत आलेला ना हा?"

मी घाबरलो. तिला माझा राग येणे साहजिकच होते.

ओडेसाने काठी उंचावून माझ्या खुराला हलकेच टेकवली. "राहू दे रे त्याला. तीही त्याच बाजारात उभी होती आणि हाही. दोघांना कुणी विचारलं होतं का?"

मित्रांनो, उद्या तुमच्या गावात कुणी पुतळ्याची वर्गणी मागायला आले, तर आधी विचारा, हा बसणार कुणाच्या पाठीवर? वेळीच विचाराल, तर करवत लागणार नाही.