पातेल्यावरचा निकाल

कोर्टात उभं राहायच्या आधी ताई माझ्यासमोर उभी राहते. ही आमची लहानपणची रीत. मी ओट्यावर चढून बसायचे, उलट्या पातेल्यावर पळी आपटायचे. ती वकील, मी न्यायाधीश. गोळी चारली की मी निकाल फिरवते, हे लक्षात आल्यावर तिनंच नियम केला होता: एकदा दिलेला निकाल फिरवायचा नाही.

पुढे ती खरीच वकील झाली. माझं लग्न औषधांच्या दुकानदाराशी झालं आणि बाळ पोटात असतानाच दुकानातल्या जुन्या नोकरानं गल्ल्यासाठी ह्यांच्यावर सुरा चालवला. त्याला फाशीची शिक्षा झालीय, पण अजून दिलेली नाही. सासूबाई त्या एका दिवसासाठी तग धरून आहेत.

मध्यंतरी ताई आली. म्हणाली, एका म्हाताऱ्या कैद्याची केस आहे, फाशीची, जरा ऐक. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून पळी हळूच आपटली. ती बोलू लागली: फाशीच्या धाकानं खून कमी होतात हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही, आणि घटनेनं दिलेला जगण्याचा हक्क सरकारनं थंड डोक्यानं काढून घ्यावा, हे घटनेतच बसत नाही.

मी म्हटलं, वकीलबाई, पुस्तकातलं नको, माणसातलं बोला. आणि बोलता बोलता मीच बोलून गेले, "आमच्याकडच्यानं तर तोंडही झाकलं नव्हतं. ज्याला पकडलं जायची भीती नाही, त्याला फाशीची कसली?"

ताईनं निकाल विचारला. बाळाची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट होती. म्हाताऱ्याला जगू दे, मी म्हणाले.

सुनावणी फोनवर थेट दिसत होती. आमची ताई दिसेल म्हणून सासूबाईंनाही शेजारी बसवलं. ताई उभी राहिली आणि माझं वाक्य, जसंच्या तसं, तिच्या तोंडून आलं. न्यायाधीशांनी विचारलं, तुमचं म्हणणं या एका कैद्यापुरतं आहे का? ताई म्हणाली, नाही. फाशीचं कलमच रद्द व्हावं. शिक्षा झालेल्या सगळ्यांसाठी.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांसाठी म्हणजे तोही?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या उठल्या, आत जाऊन दार लोटून घेतलं. माझ्या लेकाला हाक न मारता त्या आत गेल्या, असं आजवर झालं नव्हतं.

संध्याकाळी ताई आली ती चपला हातात घेऊनच, चोरासारखी. सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणाली. मग खाली बघत, "उद्या अजून सुनावणी आहे. तू म्हणालीस तर मी केस सोडते. फिरव निकाल."

म्हाताऱ्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. दुसऱ्याचा मला झोपेतही दिसतो.

"नियम तुझाच आहे," मी म्हटलं. "निकाल फिरणार नाही. त्याला मारूनही दुकानाचं शटर कुणी उघडणार नाहीये. पण ताई, तू मला माणूस एक दाखवलास आणि जीव दुसऱ्याचा मागून घेतलास. तोही माझ्याच तोंडून."

तिचे डोळे भरून आले. नेहमीच्या सवयीनं तिनं बाळासाठी हात पुढे केले.

मी बाळाला खांद्यावर घेतलं, ओट्यावर उलटं घातलेलं पातेलं सुलट करून त्याच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं, आणि ताईकडे पाठ करून उभी राहिले. पळी तिच्या हाताशीच पडली होती. तिनं ती उचलून जागेवर टांगली आणि गेली.